राष्ट्र नावाचा जातक

वृषभ लग्न, लग्नी राहू. द्वितीयात मिथुनेचा मंगळ. तृतीयात कर्क राशीत रवी, चंद्र, बुध, शुक्र आणि शनी असे पाच ग्रह एकत्र. षष्ठात तुळेचा गुरू, सप्तमात वृश्चिकेचा केतू. चंद्रनक्षत्र पुष्य. ही कुंडली एखाद्या नवजात बालकाची म्हणून आपल्यापुढे ठेवली असती, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी भावंडांशी पटेल का, शत्रू किती, कर्ज फिटेल का, असे नेहमीचे प्रश्न विचारले असते. परंतु या कुंडलीचा जातक म्हणजे कोणी व्यक्ती नव्हे. जन्मवेळ १५ ऑगस्ट १९४७, रात्री बारा, जन्मस्थळ दिल्ली, जातकाचे नाव भारत. गेली पाऊणशे वर्षे ही कुंडली मासिकांच्या दिवाळी अंकांतून, पंचांगांच्या राष्ट्रभविष्यातून आणि निवडणुकांच्या हंगामात दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून पुनःपुन्हा मांडली गेली आहे. प्रत्येक वेळी तिच्यातून राष्ट्राचा एक स्वभाव वाचला जातो: वृषभेचे सोशिक, संथ, मातीला धरून राहणारे, कर्केचे भावनाप्रधान, राहूमुळे परकीयांच्या मोहात पडणारे.

फलज्योतिष खरे की खोटे, हा या लेखाचा प्रश्न नाही. त्याविषयी आमचे मत काही वेगळे नाही. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुण्यात घेतलेल्या चाचणीत ज्योतिष्यांची उत्तरे नाणेफेकीपेक्षा सरस ठरली नव्हती, एवढा उल्लेख पुरे. आम्हांला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. एखादे राष्ट्र 'जन्मते', त्या क्षणी त्याला एक स्वभाव मिळतो आणि पुढचा इतिहास म्हणजे त्या स्वभावाचे उलगडत जाणे, ही कल्पना आली कोठून? ती जितकी सनातन भासते तितकी आहे काय? आणि ज्यांनी आयुष्यात कधी पत्रिका उघडली नाही, असे आपण साहित्याचे विद्यार्थी व शिक्षक तिच्यापासून कितपत मुक्त आहोत?

जुन्या शास्त्राने ज्योतिषाचे तीन स्कंध मानले: सिद्धांत, संहिता आणि होरा. सिद्धांत म्हणजे गणित. होरा म्हणजे जातक, व्यक्तीच्या जन्मकाळावरून तिचे भविष्य. देश, राजा, पीकपाणी, पर्जन्य, भूकंप, धूमकेतू, महागाई हा सगळा संसार संहितेचा. वराहमिहिराने सहाव्या शतकात दोन्ही स्कंधांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले, 'बृहज्जातक' आणि 'बृहत्संहिता', आणि दोहोंची सरमिसळ केली नाही. 'बृहत्संहिते'तील कूर्मविभाग हा अध्याय या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. भारतवर्ष हे एक कासव. कृत्तिकांपासून आरंभ करून सत्तावीस नक्षत्रांचे तीन-तीनांचे नऊ गट. एक गट मध्यदेशाला, उरलेले आठ आठ दिशांना. कोकण आणि नासिक्य दक्षिणेच्या यादीत आहेत, म्हणजे उत्तरा फाल्गुनी, हस्त, चित्रा यांच्या अमलाखाली. विदर्भ मात्र आग्नेय दिशेला, कलिंग-वंगांच्या पंक्तीत, आश्लेषा-मघा-पूर्वा फाल्गुनीकडे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हा अध्याय कोणी पुरावा म्हणून काढला नाही, हे बरेच झाले.

पण या कासवाच्या पाठीवर कोणत्याही देशाचा जन्म नाही. अमुक नक्षत्र पापग्रहाने पीडित झाले की तमुक प्रदेशाला पीडा होते, एवढाच तेथील संबंध. देश होते, आहेत, असतील. ग्रह येतात आणि जातात. वराहमिहिराला कोकणाची जन्मवेळ विचारली असती तर त्याला प्रश्नच कळला नसता. मुहूर्ताची गोष्ट निराळी. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला तो मुहूर्त पाहूनच. परंतु मुहूर्त माणूस निवडतो आणि जन्म त्याच्या वाट्याला येतो, हा भेद आपली परंपरा पुरता ओळखून होती. मुहूर्त कार्याचा असतो. त्यावरून कार्य करणाराचा स्वभाव कोणी सांगत नाही.

देशांना स्वभाव वाटण्याचे काम केले ते भूमध्यसागराच्या काठी. दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा टॉलेमी याने आपल्या ज्योतिषग्रंथाच्या दुसऱ्या भागात ज्ञात जगाचे चार चतुर्थांश करून एकेका राष्ट्राला एकेक रास आणि ग्रह नेमून दिला. ब्रिटन, गॉल, जर्मेनिया यांना मेष आणि मंगळ, म्हणून तेथील माणसे उग्र व आडदांड. ग्रीसला कन्या आणि बुध, म्हणून ग्रीक विद्याप्रेमी. टॉलेमी राहत होता त्या उत्तर ईजिप्तला मिथुन आणि पुन्हा बुध, म्हणून तेही बुद्धिमान. आणि हिंदुस्थान? मकर आणि शनी. म्हणून तेथील रहिवासी कुरूप, अस्वच्छ आणि पशुतुल्य. ज्याने हिंदुस्थान पाहिला नव्हता, त्याला शनीने ही माहिती पुरवली असे समजण्याचे कारण नाही. स्वभाव आधी ठरला होता, ग्रह नंतर सापडला. अठराशे वर्षांनंतर आमच्याच देशात लढवय्या आणि बिनलढवय्या जातींची प्रतवारी लावणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी शनीचे नाव टाकून हवापाण्याचे आणि रक्ताचे नाव घेतले. टॉलेमीचे तंत्र त्यांनी शब्दशः चालू ठेवले असेच म्हणावे लागेल.

जन्मकुंडलीचा प्रयोग मात्र रोमवर झाला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वारो या विद्वानाने आपला ज्योतिषी मित्र तारुशिअस याला रोम्युलसची जन्मवेळ काढायला सांगितली. प्लूटार्कने ही हकीकत नोंदवली आहे, आणि तीतील पद्धत फार मासलेवाईक आहे. तारुशिअसने रोम्युलसचे कर्तृत्व, स्वभाव आणि मृत्यूचा प्रकार लक्षात घेतला आणि असे आयुष्य ज्या ग्रहस्थितीतून निघावे तो क्षण मागे जाऊन शोधला. त्यावरून नगरस्थापनेचीही वेळ ठरवली. आपल्याकडे 'बृहज्जातका'त नष्टजातक नावाचा अध्याय आहे. ज्याची जन्मवेळ हरवली त्याची ती शोधून काढण्याची रीत त्यात दिली आहे. तारुशिअसने एका शहराचे नष्टजातक मांडले. शहराचा जन्मदिवस शहराच्या सामर्थ्यावर परिणाम करतो म्हणणाऱ्या या ज्योतिष्याची सिसेरोने थट्टा केली ती अशी की, विटा आणि चुना यांना ग्रहदशा कशी लागू व्हावी? पण सिसेरोची थट्टा हरली आणि तारुशिअसची कल्पना टिकली. ७६२ मध्ये खलिफा अल् मन्सूरने बगदादचा पाया घातला तो नौबख्त आणि माशाअल्लाह या ज्योतिष्यांनी काढलेल्या वेळी. पुढे अठराव्या शतकात अमेरिकेच्या स्वातंत्र्याची कुंडली लंडनच्या एबेनेझर सिब्लीने मांडून छापली. शहर, राजवंश आणि अखेर राष्ट्र असा हा जातक मोठा होत गेला.

संहितेच्या क्षेत्रात होऱ्याचे हत्यार चालवणे हे आधुनिक कृत्य आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. ते शक्य होण्यासाठी आधी राष्ट्र ही एक व्यक्ती आहे असे वाटू लागावे लागते. एकोणिसाव्या शतकाने ते वाटायला लावले. राष्ट्राला आत्मा असतो, बाल्य असते, निद्रा आणि जागृती असते, ही भाषा ज्योतिष्यांनी शोधलेली नाही; ती इतिहासकारांची, कवींची आणि वृत्तपत्रकारांची आहे. फ्रेंच समीक्षक तेन याने इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना वंश, परिस्थिती आणि क्षण या तीन कारणांनी वाङ्मयाचा स्वभाव ठरतो असे सांगितले, आणि आमच्या कित्येक पिढ्यांनी ते परीक्षेत लिहून गुण मिळवले. कुळ, स्थळ आणि वेळ. ज्योतिषी यापेक्षा वेगळे काय विचारतो? बेनेडिक्ट अँडरसनने १९९१ मध्ये राष्ट्रांना निश्चित ओळखता येईल असा जन्म नसतो, म्हणूनच त्यांचे चरित्र उलट्या दिशेने रचले जाते, असे दाखवून दिले. तारुशिअसला हे बरेच आधी व्यवहारात ठाऊक होते.

आता मध्यरात्रीकडे येऊ. १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन यांनी जून १९४७ च्या आरंभी वार्ताहरांसमोर जाहीर केली. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन होता आणि शरणागतीच्या वेळी आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे ते सरसेनापती होते. म्हणजे भारताची जन्मतिथी दुसऱ्याच एका युद्धाच्या पंचांगातून आली. ती ऐकून देशभरचे ज्योतिषी हवालदिल झाले, हा दिवस अशुभ आहे अशी पत्रे गेली, आणि शेवटी मध्यरात्रीची तडजोड निघाली, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यातला किती भाग कागदपत्रांत सापडतो आणि किती सांगण्यासवरण्यात वाढला, हे वेगळे काढणे कठीण. व्यवहाराची कारणेही होतीच. १४ तारखेला माउंटबॅटन यांना कराचीत पाकिस्तानच्या घटनासभेपुढे भाषण करायचे होते, आणि एका माणसाला एकाच वेळी दोन राजधान्यांत उभे राहता येत नाही.

पण कथा म्हणून ती तडजोड विलक्षण आहे. इंग्रजी वार रात्री बाराला बदलतो, पंचांगातला सूर्योदयाला. रात्री बाराला इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने १५ तारीख, शुक्रवार लागला. पंचांगाच्या दृष्टीने मात्र अजून गुरुवारच चालू होता. एका क्षणात दोन काळ होते. घटनासभा रात्री अकराला भरली, सभासदांनी प्रतिज्ञा घेतली ती बाराचे ठोके पडून गेल्यावर, आणि सभागृहात शंख फुंकला गेला. ज्याला हवा तो दिवस त्याने घ्यावा अशी सोय त्या रात्रीने करून ठेवली होती.

एक गोष्ट मात्र राष्ट्रकुंडली मांडणारे सहसा पुढे आणत नाहीत. तो काळ कृष्ण पक्षाच्या अखेरीचा होता, अमावास्या तोंडावर आलेली. आणि चित्रापक्षीय गणिताने पाहिले तर तो महिना अधिक श्रावण होता. ज्या महिन्यात आपल्याकडे मुंज-लग्न होत नाही, वास्तुशांत होत नाही, जावयाला धोंडे खाऊ घालण्यापलीकडे मंगल असे काही करत नाहीत, त्या महिन्यात देश स्वतंत्र झाला. तो काही मोडला नाही. ही साधी गोष्ट मोठ्याने सांगण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

'चित्रापक्षीय गणिताने' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले, कारण येथे आपल्या महाराष्ट्राचे एक जुने भांडण आडवे येते. राशिचक्राचा आरंभ कोठून धरायचा? चित्रा तारा बरोबर समोर १८० अंशांवर ठेवून, की रेवतीतील एका विशिष्ट ताऱ्यापासून? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापासून पंचांगसुधारणेची चळवळ सुरू झाली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहून तिला इतिहासाचा भक्कम पाया दिला. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रापक्षाचे, लोकमान्य टिळक रैवतपक्षाचे. दोहोंत सुमारे ४ अंशांचे अंतर. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत काही वर्षी गणपती इतरांच्या महिनाभर आधी येतो तो या ४ अंशांमुळेच. २०२३ मध्येही अधिक श्रावणाच्या निमित्ताने हेच घडले, आणि शेजारपाजारच्या लोकांनी ऑगस्टमध्येच मोदक खाल्ले.

आता हे ४ अंश राष्ट्राच्या कुंडलीला लावून पाहा. त्या मध्यरात्री रवी चित्रापक्षाने कर्क राशीच्या २८ व्या अंशाजवळ होता. त्यात ४ मिळवले की तो सिंहेच्या दुसऱ्या अंशाजवळ जातो. पाच ग्रहांची ती प्रसिद्ध युती मोडते, हळव्या कर्केतला रवी स्वगृही, सिंहासनावर येऊन बसतो. महिनाही अधिक राहत नाही, सरळ निज श्रावण होतो. आणि विंशोत्तरी दशा मोजू लागलो तर चित्रापक्षाने शनीची महादशा सप्टेंबर १९६५ पर्यंत चालते, रैवतपक्षाने ती १९६० च्या सुमारास संपते. १९६२ च्या पराभवाचा दोष शनीला देणाऱ्यांनी या दोन पंचांगांपैकी कोणते घरात आहे ते आधी पाहिले पाहिजे. पाश्चात्त्यांचे सायन राशिचक्र घेतले तर वृषभ लग्नच उरत नाही, मिथुन लग्न येते. म्हणजे वृषभेचा सोशिक भारत, सिंहरवीचा राजस भारत आणि मिथुनेचा बोलका भारत असे तीन भारत एकाच आकाशातून निघतात. ज्या लोकमान्यांनी या देशाला राजकीय असंतोष शिकवला, त्यांच्याच गणिताने त्या देशाला सिंहेचा सूर्य द्यावा, यात एखाद्या कवीला अर्थ सापडेल. आम्ही त्या वाटेला जात नाही.

सर्वत्र चालते ती वृषभेचीच कुंडली, आणि तिचे कारण आकाशात सापडत नाही, सरकारी दप्तरात सापडते. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ मध्ये पंचांगसुधारणा समिती नेमली. अध्यक्ष मेघनाद साहा, ज्यांच्या वैज्ञानिक निष्ठेबद्दल आणि फलज्योतिषावरील रोषाबद्दल कोणालाच शंका नव्हती. कार्यवाह निर्मलचंद्र लाहिरी. सभासदांत नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि 'केसरी'चे ज. स. करंदीकर. देशात तीसेक पंचांगे परस्परांशी वाद घालत होती, त्यांना एक करावे हा हेतू. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला, २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, आणि धार्मिक पंचांगांसाठी चित्रापक्षाला जवळचा अयनांश प्रमाण ठरला. राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीख आज सरकारी पत्रांच्या कोपऱ्यात आणि आकाशवाणीच्या निवेदनात उरली आहे. आपल्यापैकी कितीजणांना आजचा राष्ट्रीय दिनांक सांगता येईल, हे विचारण्यात अर्थ नाही. पण लाहिरींचा अयनांश घरोघरच्या संगणकी पत्रिकांत जाऊन बसला. विवेकवाद्याच्या अध्यक्षतेखाली राज्यसंस्थेने मेषेचा आरंभबिंदू नेमून दिला, आणि ज्योतिष्यांनी तो घेऊन त्याच राज्यसंस्थेची पत्रिका मांडली. जातकाने स्वतःच स्वतःच्या लग्नाचे अंश मुक्रर केल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

या कुंडलीचे वाचन कसे होते? तृतीय स्थान पराक्रमाचे आणि भावंडांचे. तेथे पाच ग्रहांची दाटी. म्हणून भावाशी वैर. षष्ठात गुरू, म्हणून शत्रू आणि कर्जे, पण तारून नेणारी पुण्याई. सगळे ग्रह राहू-केतूंच्या एका बाजूला. म्हणून कालसर्प योग. हा योग जुन्या प्रमाणग्रंथांत नाही, अलीकडच्या काळात मात्र त्र्यंबकेश्वरी त्याच्या शांतीसाठी रांगा लागतात. बंगळूरच्या बी. व्ही. रामन यांनी १९३६ पासून चालवलेल्या इंग्रजी ज्योतिषमासिकाने राष्ट्रांच्या कुंडल्या वाचण्याची गोडी सुशिक्षित मध्यमवर्गाला लावली. हे वाचन अडाण्यांचे होते असे कोणी समजू नये. शनीच्या महादशेनंतर १९८२ पर्यंत बुधाची. तीतच १९७१ चा विजय येतो आणि तीतच १९७५ ची आणीबाणी. मग अंतर्दशा काढायची, गोचर पाहायचे, आणि तेवढ्यानेही जमले नाही तर २६ जानेवारी १९५० ची प्रजासत्ताकाची दुसरी कुंडली काढायची. जे घडले ते घडायचेच होते, असे प्रत्येक वेळी सिद्ध होते.

येथे आमची खरी तक्रार सुरू होते. आणीबाणीचा हुकूम काढणारे हात होते, त्यावर सही करणारे हात होते, वाकणारे होते, तुरुंगात जाणारे होते. बुधातील कोणत्याही अंतर्दशेने सही केली नाही. स्वभाव ही फार सोयीची वस्तू आहे: ती एकदा मान्य केली की कृत्य कोणाचे हा प्रश्न विचारावा लागत नाही. आणि हे केवळ ज्योतिष्यांना लागू नाही. 'भारतीय मनच सहिष्णू', 'आपल्याकडे शिस्त नाहीच', 'आपली लोकशाही अजून बाल्यावस्थेत आहे' ही विधाने अग्रलेखांत आणि प्रबंधांत आपण किती सहज लिहून जातो. पत्रिका न मांडता काढलेली ती फळेच आहेत.

राष्ट्रकुंडलीवरचा सर्वांत जुना आक्षेप जुळ्यांचा आहे, आणि येथे तो एखाद्या आख्यायिकेसारखा समोर उभा राहतो. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात विचारले होते: एका वेळी गर्भात राहिलेल्या आणि एकामागोमाग जन्मलेल्या एसाव आणि याकोब यांची आयुष्ये एवढी वेगळी कशी? त्याच्याआधी निगिडिअस या रोमन पंडिताने उत्तर देऊन ठेवले होते. फिरत्या चाकावर कुंभाराने झटपट दोनदा शाईचा ठिपका दिला, तरी चाक थांबल्यावर ठिपके दूरदूर दिसतात. आकाश तसेच वेगाने फिरते. ऑगस्टीनचे त्याने समाधान झाले नाही.

भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याला १८ जुलै १९४७ रोजी संमती मिळाली. त्याच्या पहिल्याच कलमात १५ ऑगस्टपासून दोन स्वतंत्र डोमिनियन अस्तित्वात येतील असे म्हटले आहे. दोन्ही, एकाच तारखेपासून. त्या वेळी कराची आणि दिल्ली या दोन्ही शहरांतली घड्याळे एकाच प्रमाणवेळेने चालत. १५ ऑगस्ट हा पाकिस्तानचा जन्मदिवस, असे जिनांनीही त्या दिवशीच्या नभोवाणी भाषणात सांगितले; जुलै १९४८ मध्ये निघालेल्या पाकिस्तानच्या पहिल्या तिकिटांवर तीच तारीख छापली गेली. मग त्याच वर्षी जन्मदिवस १४ ऑगस्टला सरकला आणि तेथेच राहिला. त्या देशाने आकाशात वेगळेच काही वाचले होते: ती रात्र रमजानच्या सत्ताविसाव्या रात्रीची होती, आणि शब-ए-कद्र ती मानण्याचा प्रघात आहे. एका आकाशाखाली एकाला पुष्य नक्षत्र दिसले, दुसऱ्याला पवित्र रात्र.

आमचे ज्योतिषी या जुळ्यांना निगिडिअसप्रमाणेच वेगळे करतात. कराची दिल्लीच्या पश्चिमेला सुमारे १० अंश. तेथे त्या क्षणी मेष लग्न होते. पाच ग्रह तृतीयातून चतुर्थात गेले. झाले वेगळे राष्ट्र. युक्ती बरी आहे. पण मग ढाका? तोही पाकिस्तानच, तेथे त्या क्षणी दिल्लीसारखेच वृषभ लग्न होते. आणि मुंबई? लाहिरींच्याच अयनांशाने हिशेब केला तर त्या मध्यरात्री मुंबईच्या क्षितिजावर मेष राशीचे शेवटचे अंश होते, वृषभ उगवायला आणखी काही मिनिटे होती. लग्नाच्या न्यायाने मुंबई कराचीच्या घरात पडते आणि ढाका दिल्लीच्या.

साहित्याच्या वाचकाला येथे सलमान रश्दींची 'मिडनाइट्स चिल्ड्रेन' आठवल्याशिवाय राहणार नाही. १९८१ च्या या कादंबरीचा नायक सलीम सिनाई त्याच ठोक्याला जन्मतो, पंतप्रधानांचे पत्र त्याला येते, राष्ट्राचा आरसा म्हणून तो वाढतो. राष्ट्रकुंडलीची कल्पना भारतीय इंग्रजी कादंबरीने स्वीकारली, असे तिच्याबद्दल वर्गात सांगितले जाते. आमच्या मते तिने ती आतून फोडली. सलीम जन्मला मुंबईत, म्हणजे त्याचे लग्न त्याच्या राष्ट्राच्या लग्नाशी जुळतच नाही. पण ती गंमत सोडून द्या. त्याच ठोक्याला त्याच सूतिकागृहात दुसरा मुलगा जन्मतो, शिव. आणि एक परिचारिका दोघांची अदलाबदल करते. एकाला बंगला मिळतो, दुसऱ्याला रस्ता. दोघांचे आयुष्य ठरवले त्या परिचारिकेच्या हातांनी, आणि तिच्या हाताला कारण होते, प्रेम होते, वेडा राजकीय आवेश होता. ऑगस्टीनचा प्रश्न रश्दींनी नव्याने विचारला आणि त्याचे उत्तर तारा-ग्रहांत न शोधता पाळण्याजवळच्या माणसात शोधले. कादंबरीतील भविष्यवाणी, योगायोग, चमत्कार यांच्या झगमगाटात हे पाळण्याजवळचे कृत्य नजरेआड होते, आणि म्हणून वर्गात ते थांबून दाखवावे लागते.

कुंडलीला तीन गोष्टी लागतात: तारीख, वेळ आणि स्थळ. १५ ऑगस्टची तारीख होती, बाराची वेळ होती. स्थळ कोणते? रॅडक्लिफ यांनी आखलेली सीमारेषा त्या रात्री तयार होती, परंतु जाहीर झाली नव्हती. ती प्रसिद्ध झाली १७ ऑगस्टला. मधल्या दिवसांत मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा ध्वज फडकत होता आणि खुलन्यात भारताचा. दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या समजुतीने जन्मोत्सव साजरा केला आणि दोन दिवसांनी ध्वज उतरवले. हैदराबाद संस्थान, आणि त्याच्यासह आमचा मराठवाडा, त्या पत्रिकेत नव्हता. तो १७ सप्टेंबर १९४८ ला आला. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला. सिंधूपलीकडून निघालेली आणि रावीच्या दिशेने निघालेली माणसे त्या मध्यरात्री आगगाड्यांत, बैलगाड्यांत, रस्त्यांवर होती. बाराचे ठोके पडले तेव्हा आपण कोणत्या देशात आहोत, हे त्यांतल्या लक्षावधींना माहीत नव्हते, आणि पुढचे दोन दिवस त्यांना ते सांगू शकेल असा कोणी नव्हता.